दगड चाटणाऱ्या बाई

आमच्या बाई दगड चाटायच्या. पाटाच्या कडेला पडलेला चुन्याचा खडा उचलायचा, फुंकायचा, जिभेला लावायचा, ओल्यावर रेघा नीट दिसतात म्हणून, अन् पिशवीत टाकायचा. गावानं नावच पाडलं, चाटूबाई. त्यांच्या कानावर गेलं तर म्हणल्या, "बरंय की. कॉलेजात पोरांनी याहून वाईट ठेवलीत."

शहरात इंदिरानगरला राहायच्या, कॉलेजात दगडमातीचं शिकवायच्या, आमच्याकडं पेठच्या एसटीनं यायच्या. आमच्या गावात डोंगरातल्या झऱ्याचं पाणी आणणारा दगडी पाट होता. लय जुना, कुणी बांधला कुणाला ठाव नाय. पाण्याला चुना फार. दरसाल पाटाच्या दगडावर एक पापुद्रा चढायचा. बाई म्हणायच्या, पाऊसपाणी चांगलं त्या साली पापुद्रा जाड, दुष्काळात बारीक. जुनी सालं एकावर एक तिथंच बसलेली. तीच त्यांना बघायची होती.

चुन्यानं पाणी अडू नये म्हणून पाट तासायचं काम घरोघर वाटून दिलेलं. शहरातून बाई बघायला येणार म्हणल्यावर बायांनी आधीच छिन्न्या घेऊन आपापला वाटा लख्ख केला. बाई आल्या, पाहिलं, अन् काठावर बसूनच राहिल्या. शेजारची सखू म्हणली, "आवडला नव्हं पाट?" तर म्हणल्या, "खोटं कशाला बोलू? तुम्ही काढून टाकलं तेच बघायला आले होते मी." पण रागावल्या नाय. भाकरी खाल्ली, ताक मागून घेतलं.

माझा वाटा तेवढा राहिला होता. सगळ्यात शेवटचा, फरशीखालून माझ्या झेंडूच्या वावरात जाणारा. सासऱ्यानं कधी तासला नाय, नवऱ्यानं नाय. नवरा गेला, मग मला एकटीला फरशी हलेना. पाणी निम्मंच यायचं, मी हंड्यानं झाडं जगवायची अन् फुलं पंचवटीत नेऊन विकायची. सखू म्हणली, "बाई, हिच्या घरचा आळस बघून घ्या एकदा."

बाईंनी चौघींना हाताशी धरून फरशी सरकवली, आत वाकल्या. चार बोटं जाड थर. लय वेळानं तोंड वर काढलं अन् म्हणल्या, "मावशी, तुमच्या घराण्याचा आळस कामाला आला."

त्यांनी एक ढलपी कापून घेतली. मग पदर खोचून बाकीचा थर माझ्या बरोबरीनं तासला, मला पाणी मिळावं म्हणून. हाताला फोड आले. तरी येतच राहिल्या.

पुढच्या खेपेला त्या ढलपीची घासून गुळगुळीत केलेली चकती आणली. कांद्यासारख्या रेघाच रेघा. मी इचारलं, "झरा आटला त्या उन्हाळ्यात माझी थोरली गेली. ती रेघ कुठली?" बाईंनी भिंग लावून किती तरी वेळ पाहिलं. "या दोन बारीक रेघांतली एक असावी. नक्की कुठली, ते नाही सांगता येत मावशी. खोटं कशाला बोलू?" पोरगी गेली तवा गाव म्हणलं होतं, देवाची मर्जी. ती रेघ शोधायला कुणी बसलं नव्हतं.

मग गावात बोअर आले, झरा कायमचा आटला. बाईंचं येणंही थांबलं. एक दिवस एसटीचा कंडक्टर म्हणला, "आजी, तुमच्या चाटूबाई गेल्या. आजारी होत्या."

चकती बाईंनी मलाच दिली होती, ती देवळीत ठेवलीय. वरची शेवटची रेघ बाई आल्या त्या सालची. तिच्यावर काय नाय. पाट अजून हाय, कोरडा. आता तासायची पाळी कुणावरच येत नाय.