बोटांनी ओळखायची माती

न्यिरोंगो सरांच्या बोटांतली जान जाऊन दीड वर्ष झालं होतं. साखरेच्या आजारानं. हे ठाऊक असलेली माणसं दोनच, ते आणि मी. मी विद्यापीठातल्या मातीच्या प्रयोगशाळेत मदतनीस. आणि सरांचा विषय काय, तर माती बोटांनी ओळखणं. चिमूटभर माती ओली करायची, अंगठ्यानं रेटत तिची पट्टी काढायची. पट्टी लांब निघाली तर चिकण, लगेच तुटली तर रेताड. सव्वीस वर्षं तेवढंच शिकवलं. बायको गेलेली, लेकी दूर राजधानीत, लिलाँग्वेला. तास गेला तर सरांकडं दुसरं काही उरत नव्हतं.

मग त्यांनी तोड काढली. रुम्फी, करोंगा, ज्याच्या त्याच्या गावची माती पोरंच आणायची. ती त्यांच्याच हातात द्यायची आणि विचारायचं, "तुला काय लागतंय? आन् तुला?" स्वतः काही सांगायचं नाही. पोरं म्हणतील त्याला "बरं."

दर बुधवारी दुपारी मास्तर लोकांची बैठक असते. एकानं दुसऱ्याच्या तासाला मागं बसायचं, मग चहा पीत, पिठाच्या तळलेल्या गोड मंदासी खात काय बघितलं ते सगळ्यांना सांगायचं. त्या आठवड्यात सरांची पाळी. बघायला तावोंगा, त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, आता इथंच शिकवणारी.

ती म्हणाली, "सरांनी एकबी उत्तर दिलं न्हाई. सगळा तास पोरंच बोलत होती. माझ्या तासाला मीच बोलते, पोरं डुलक्या काढतात."

"तुझा आवाजच अंगाईवाणी," रसायनवाला म्सिस्का बोलला. हशा झाला.

विभागप्रमुख गोंडवेबाई खूष. "न्यिरोंगो, लिहून द्या हो हे. सगळ्या विभागांना वाटू. म्हातारपणी नवी पद्धत काढलीत!" त्यांनी कागदही पुढं सरकवला.

सरांनी कागदाला हात लावला नाही.

तावोंगानं वही उलटली. "एक विचारू का सर? पुढची पोरगी रेताड म्हणाली, शेजारचा चिकण. माती एकच. तुम्ही दोघांनाबी बरं म्हणालात. मग खरं काय ते कधी सांगता?"

"पुढच्या तासाला" एवढं सरांनी म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी मंदासींचं ताट फिरवत होतो, तसाच उभा राहिलो.

"सांगत न्हाई," सर म्हणाले. "मलाच कळत न्हाई. बोटं मेलीत माझी. ही पद्धत न्हवं बाई, लबाडी हाय. वाटू नका."

म्सिस्का चहा ढवळत होता, तो थांबला. बाईंनी कागद परत ओढून घेतला.

सोमवारपासून तास तावोंगाकडं गेला. सरांना परीक्षेच्या कचेरीत टेबल मिळालं. तावोंगानंही तीच माती हातात देऊन पोरांना आधी विचारलंच. सगळ्यांचं ऐकून घेतलं, मग स्वतः माती चोळून म्हणाली, "रेताड." सरांच्या तासाला ज्यांनी चिकण लिहिलं होतं त्या पोरांनी वहीतलं खोडलं.

दुपारी मी कचेरीत जाऊन हे सांगितलं. सर हजेरीचे कागद लावत होते.

"किती जणांनी खोडलं?"

"निम्म्यांनी."

त्यांनी मान हलवली आणि पुढचा गठ्ठा ओढला.