मास्तरांचा पितळी पेला

अस्सल वस्तूला पर्याय नसतो, असं आमचे चुलते आप्पा म्हणत. निपाणीला त्यांची तंबाखूची वखार होती आणि वखारीच्या आवारात साहेबाच्या काळातली एक परदेशी पिकअप होती. तिच्याच बॉनेटवर हात ठेवून ते हे म्हणत. त्या बॉनेटखालचा पाण्याच्या पंपाचा शाफ्ट, पुढच्या चाकांचे बुश, पेडलच्या पिना, इतकंच काय, दाराच्या बिजागऱ्यासुद्धा बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत एका लेथवर झालेल्या होत्या. ज्यांनी त्या केल्या त्यांना सगळे मास्तर म्हणत. कॉलेजात शिकवायचो मी, पण मला कुणी मास्तर म्हणत नसे. लोकांना फरक कळत असावा.

मोडका पार्ट हातात दिला की मास्तर तो बाजूला ठेवून देत. "ह्यो खोटं बोलतोय सर. इतकी वर्सं झिजलाय, ह्येला सोताचं माप कुठलं ठावं असतंय? ह्येचा जोडीदार आणा." म्हणजे बुश गेला असेल तर त्यातली पिन आणायची. पिनेच्या ज्या टोकाला घासणं लागलेलं नाही तिथे ते मायक्रोमीटर लावत आणि त्यावरून बुशचं मूळ माप काढत. त्यामुळे एका शनिवारी मी मोडका पार्ट पिशवीत घालून बेळगावची बस धरायचो आणि पुढच्या शनिवारी त्याचा जोडीदार घेऊन. सत्तरीचं दशक संपत आलं होतं आणि शनिवारी मला दुसरं काम नसे.

प्रत्येक खेपेला मास्तर चहा मागवत. एका किटलीतून दोन ग्लास भरले जात आणि आम्ही लेथशेजारच्या बाकावर बसून पीत असू. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. तिच्याखाली बसून मी समतेवर बोलायचो. बरं बोलायचो, कॉलेजात याच विषयावरच्या माझ्या भाषणाला टाळ्या पडत. मास्तर टूलला धार लावत ऐकत. एकदा म्हणाले, "सर, लेथ बंद असताना समदी मापं बरोबर येत्यात." ते लेथविषयी बोलत आहेत असं मला वाटलं.

पार्ट बसवायला ते पहिल्यांदा निपाणीला आले, तेव्हा आप्पांनी त्यांना गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग गावात घर कुठल्या अंगाला होतं तेही विचारलं.

"वड्याच्या पल्याड," मास्तर म्हणाले.

यानंतर आप्पा फारच गोड बोलू लागले. थोड्या वेळाने काकूंनी चहा आणला. आप्पांना आणि मला कपबशी. मास्तरांसाठी वखारीबाहेरच्या कोनाड्यात एक काचेचा ग्लास उपडा होता, काठाचा टवका उडालेला. गडी म्हणाला, "त्यो घ्या, विसळून." मास्तरांनी ग्लास उचलून काठावरून बोट फिरवलं आणि परत होता तसा ठेवला.

"मी च्या घेत न्हाय," ते म्हणाले.

मागच्याच शनिवारी त्यांनी माझ्याबरोबर दोनदा चहा घेतला होता. हे त्या आवारात आम्हा दोघांनाच माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी बशीत चहा ओतला आणि फुंकर मारत बसलो.

दुसऱ्या खेपेला मास्तरांनी हत्यारांच्या पिशवीतून एक पितळी पेला काढला. चाकांच्या बुशसाठी जो रॉड आणला होता त्याच्याच उरलेल्या तुकड्यातून कोरलेला. बुशसारखाच जाड, चटका बसू नये, हातातून निसटू नये म्हणून बाहेरून बारीक खवले पाडलेले. आतून खडेबाजारातून कल्हई करून आणलेली. काकूंनी वीतभर उंचीवरून चहा ओतला. एक थेंबही बाहेर उडाला नाही.

"त्या ग्लासाचा टवका गेल्ता," मास्तर म्हणाले. "म्हणून नवा पार्ट केला."

आप्पा मोठ्याने हसले. काहीतरी बोलण्याची ती वेळ होती. माझ्यासारख्या वक्त्याला शब्दांची अडचण नव्हती. मी म्हणालो, "फिनिश छान आलंय."

"व्हय. तुमच्या गाडीचंच पितळ हाय."

गाडीच्या ज्या ज्या भागाला हात लावून आप्पा तिला चालवत, तो प्रत्येक भाग आधी मास्तरांच्या हातून गेला होता. त्याचा विटाळ आप्पांना झाला नाही. चहाचा मात्र झाला असता.

शेवटची बिजागरी बसली त्या दिवशी मास्तरांनी पेला विसळून कोनाड्यात उपडा ठेवला आणि पिशवी उचलली. मी मागून धावलो. "मास्तर, पेला राहिला."

"ऱ्हाऊ दे सर. माझ्यामागनं कोन तरी येईलच की. त्येला लागंल."

पुढे बेळगावात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. आप्पा फेटा बांधून पिकअपशेजारी उभे होते. समोर पाटी होती: 'सर्व भाग मूळ व अस्सल.' घरात अक्षर माझं चांगलं, म्हणून ती मी लिहिली होती. एक परीक्षक दाराची बिजागरी हलवून म्हणाले, "असं काम आता आपल्याकडे होत नाही." दोरीच्या अलीकडे गर्दीत मास्तर उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बरोबर मुलगी. मी त्यांना पाहिलं हे त्यांनी पाहिलं. त्यांनी पाटी सावकाश वाचली.

"अक्षर झ्याक हाय सर," ते म्हणाले, आणि मुलीला घेऊन पुढच्या गाडीकडे गेले.

त्यानंतर मी उद्यमबागेत गेलो नाही. कारण सांगायला सोपं होतं: त्यांनी केलेला एकही पार्ट परत मोडला नाही. काही वर्षांनी ते वारल्याचं मला बसमध्ये शेजारी बसलेल्या एका फौंड्रीवाल्याकडून कळलं. तेव्हाही मी गेलो नाही.

आप्पा गेले, पिकअप विकली गेली, वखार पाडायला घेतली. कोनाड्यातला पेला मी घरी आणला. घासूनपुसून एका सकाळी त्यात चहा ओतला आणि मुद्दाम एकटा बसलो. निदान एवढं तरी करावं, असं मनात होतं. आतली कल्हई केव्हाच उडाली होती. चहा पितळेत कळकला, पहिल्याच घोटाला कडवट लागला. तो मोरीत ओतला आणि कपबशीत दुसरा घेतला.