पहिल्या बाकावरची हजेरी

माझ्या मुलीला ‘हजर’ म्हणायला वेळ लागतो. आधी मान वळते, मग ओठांची जुळवाजुळव होते, आणि ‘ह’ बाहेर पडेपर्यंत उजव्या हाताची मूठ घट्ट आवळलेली असते. जन्मापासूनच तिचं अंग तिचं ऐकत नाही. डोकं मात्र लख्ख आहे. पाढे तिला माझ्यापेक्षा बरे येतात.

कसबा बावड्यातल्या आमच्या घराजवळच्या शाळेनं तिला सगळ्या मुलांच्या वर्गात घेतलं, तेव्हा मी गल्लीत पेढे वाटले. शाळेनं पायऱ्यांशेजारी उतार बांधला, तिला पहिला बाक दिला. तक्रारीला जागाच ठेवली नाही. रोज संध्याकाळी मी भाकरी थापताना ती समोर बसून सराव करायची. मी तिचं नाव पुकारायचे आणि पिठाचे हात तसेच धरून थांबायचे. तवा तापून धूर निघायचा, पण ती म्हणायचीच. दिवाळीनंतर सहज विचारलं, वर्गात कसं म्हणतेस? तिनं मान हलवली. बाई तिचं नाव पुकारतच नव्हत्या.

मी शाळेत गेले. बाई मनानं चांगल्या. मला खुर्ची दिली, चहा मागवला.

“ती समोरच असती की ओ,” त्या म्हणाल्या. “बघून लावते मी हजेरी. सगळ्यांदेखत पोरीला उगं कशाला त्रास?”

त्रास होऊ दे, पण नाव घ्या, असं मी म्हटलं. त्यांना पटलं नाही, तरी बरं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाच्या दारात थांबले. बाईंनी नाव घेतलं. मान वळली, मूठ आवळली, ओठ हलू लागले. तेवढ्यात अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, ‘हजर’. पोरं खुशीत माझ्याकडे बघत होती. बाई कौतुकानं हसल्या आणि पुढचं नाव घेतलं. मला राग यायला हवा होता. काहीच आलं नाही. मीही हसले आणि घरी येऊन धुणं वाळत घातलं.

तेव्हापासून रोज तसंच चालतं. घरचा सराव तिनं सोडला. मी पुकारलं तर ती परातीकडे बघत बसते, आणि मलाही आता कशाचं फारसं काही वाटेनासं झालंय.

परवा तिला ताप होता, म्हणून घरी ठेवलं. संध्याकाळी शेजारची, तिच्याच वर्गातली मुलगी दारातून डोकावली.

“काकू, काळजी करू नगासा. आम्ही म्हटलं की हजर. बाईंनी लावली बी.”

आत खाटेवर माझी मुलगी जागीच होती.