टाकीचं तोंड

मूलच्या रस्त्यावर माझं वेल्डिंगचं दुकान आहे. गेट, ग्रिल सगळेच करतात, पण माझा जीव रमतो तो मोटरसायकली कापून गिऱ्हाइकाला हव्या तशा करून देण्यात. भाजीवाल्याच्या गाडीला क्रेट बसवून दिलेत, धार लावणाऱ्याच्या गाडीवर दगड फिरवून दिलाय. गाडीचं काम सांगितलं की माणूस कसा आहे ते मला कळतं, असा माझा तोरा होता.

तीन वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडावर, गडचिरोलीकडचा एक माणूस जुनी शंभर सीसीची गाडी घेऊन आला. वय चाळिशीचं, बोलणं तुटक. त्याला मागची सीट काढून तिथं स्टीलच्या पत्र्याची टाकी हवी होती, चाकाच्या दोन्ही बाजूंना उतरणारी. आत काय ठेवणार, विचारलं तर म्हणाला, पाणी. वैनगंगा ओलांडून पाणी नेणारा माणूस मी तरी पाहिला नव्हता.

आमच्या जिल्ह्यात दारू खुली, नदीपलीकडे बंद. माझ्या ओळखीच्या एका वेल्डरनं कुणाच्या गाडीला चोरकप्पा करून दिला, ती गाडी पकडली गेली, आणि चौकशीत त्याचं दुकान कित्येक महिने बंद राहिलं. माझं घर याच दुकानावर चालतं. म्हणून मी विचारलं, तिकडे वेल्डर नाहीत का? तो म्हणाला, "गावात आताच कोणाले कळू द्याचं नाई, भाऊ. यंदा जमलं नाई, त मले कोणी विचारणार नाई."

मला आणखी काय पुरावा हवा होता? तरी काम घेतलं. नाही म्हणायची भीड पडली, आणि खरं सांगायचं तर काम अवघड होतं म्हणून हावही सुटली.

अवघड म्हणजे किती! टाकी भरली की मागचे शॉकअप बसून चाक मडगार्डला घासायचं. जाड स्प्रिंगचे घातले, तर रिकामी गाडी मागून उधळायला लागली. शेवटी शॉकअपची खालची पकडच दोन बोटं मागे सरकवली. डाव्या बाजूला चेन टाकीला लागत होती, तिथं पत्रा आत दाबून घेतला. वळणावर आतलं पाणी एका अंगाला धावायचं आणि गाडीचा तोल जायचा, म्हणून आत भोकं पाडलेले आडवे पडदे लावले.

तो रोज येऊन बघत बसे. सायलेन्सरची धग टाकीला लागू नये, म्हणे. मी मनात म्हटलं, माल थंड हवा. आतून रंग नको, वास लागतो, म्हणे. मी म्हटलं, बरोबर, पोटात जाणारी वस्तू. बंद बाटलीला कसला वास लागणार, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. संशयाला डोकं लागत नाही.

वरचं तोंड त्याला चांगलं दोन्ही हात आत जातील एवढं हवं होतं. तिथं मी ठरवलं. मोहाची सुटी दारू पलीकडे गावोगाव असते, नेणार तो बाटल्याच. तेव्हा बाटलीच जाऊ नये. जुन्या स्कूटरच्या पेट्रोल टाकीचं झाकण बसेल एवढंच भोक मी ठेवलं. त्यानं मूठ घालून पाहिली, ती अडली. मी सांगितलं, मोठं तोंड ठेवलं तर खड्ड्यात पाणी उसळून ब्रेकवर येईल, तुझाच जीव जाईल. हे साफ खोटं नव्हतं, पण मोठ्या तोंडाला रबर लावून घट्ट झाकण करणं हा माझ्या डाव्या हाताचा मळ होता. तो म्हणाला, तुमाले समजते. दुकानाच्या नावाची पट्टी मी प्रत्येक गाडीला लावतो, याच्या गाडीला लावली नाही. तो गेला तेव्हा मी स्वतःवर खूश होतो.

आठव्या दिवशी तो परत आला. टाकीला घाण वास येत होता. त्यानं झाकण काढलं नाही, नुसता बाजूला उभा राहिला. गावच्या तलावात सोडायला त्यानं माशांची बोटुकली नेली होती, बोटाएवढी पिल्लं. गेल्या वर्षी दुसऱ्याच्या टेम्पोतून आणली ती वाटेतच मेली, म्हणून गावानं यंदा दुसऱ्याला धाडायचं ठरवलं होतं. त्याआधीच हा गुपचूप आणून दाखवणार होता. दर काही कोसांवर थांबून हातानं पाणी घुसळावं लागतं, तरच आतल्या जिवांना हवा मिळते.

"एक थेंब सांडला नाई, भाऊ," तो म्हणाला. "तुमचं काम पक्कं हाय. पन हात आत गेला नाई. मीच पह्यले सांगाले पाहिजे होतं, कायले पाहिजे ते."

मला फार लाज वाटली. सांगून टाकावं असं वाटलं, पण सांगितलं नाही. मी ग्राइंडर घेऊन वरचा पत्रा कापला. पडद्यांच्या भोकांत मेलेली पिल्लं अडकून बसली होती. तो दोन्ही हातांनी ती काढत राहिला.

संध्याकाळपर्यंत रुंद तोंड, रबर, झाकण सगळं बसवलं. पैसे घेतले नाहीत, तर तो मला चांगला माणूस समजला. गावानं आता दुसऱ्यालाच धाडलं होतं, तरी पुढच्या वर्षी पुन्हा विचारून पाहीन म्हणाला. निघताना गाडीभोवती फिरून त्यानं विचारलं, "सगळ्याइच्या गाडीले तुमची पट्टी हाय, माह्या गाडीले काऊन नाई?"

मी म्हटलं, विसरलो. त्यानं तेही खरं मानलं.