नेट गेलं अन् साहेब अडकला

मैत्रिणींनो, आज मूल गावातल्या माह्या राईस मिलमंदी मशीनवाला साहेब आला. धान वला का वाळला, हे म्हणे त्याच्या मशीनले दूरच्या शहरातला कम्प्युटर सांगते.

"बाई, असल्या मशीनले तुमची मिल तयार नाई," म्हणत फॉर्मवर 'मिल तयार नाई' लिहूनच टाकलं त्यानं. नवरा वारला तवा गावबी माह्याबद्दल असंच म्हणे, बाई मिल चालवाले तयार नाई.

तेवढ्यात नेट गेलं. मशीन बंद पडली, साहेब मोबाईल वर धरून रेंज शोधत फिरे. दारात धानाचा ट्रॅक्टर उभा!

मी एक दाणा दाताखाली फोडला. गड्याइले सांगतलं, "वला हाय, भरडला तं तांदळाचा तुकडाच होईन. उन्हात पसरवा रे!"

मंग साहेबाले म्हटलं, "साहेब, माहा कम्प्युटर तोंडातच हाय. तुमचाबी मशीनमंदीच बसवा, मंग या."

फॉर्मवरची 'मिल' खोडून त्याले 'मशीन' लिहाले लावलं: 'मशीन तयार नाई'.

तुमच्याइथी नेट गेल्यावर कोण अडते व?