पाइपने धुतलेला कॉम्प्युटर

मंडळी, आज सकाळी आमच्या मासळीच्या कारखान्यात सुलभाताईंनी क्रेट धुता धुता कॉम्प्युटरवरही पाण्याचा पाइप मारला. "केवढे खवले चिकटलेले त्याला," म्हणाल्या.

मी धावतच स्क्रीनपाशी गेलो. शीतगृहाची थंडी तोच सांभाळतो, आणि आत नाटे बंदरातून आलेली सुरमई.

स्क्रीनवरचे आकडे मात्र शांतपणे चालू होते.

आधी तिथे मी ऑफिसातला साधा कॉम्प्युटर ठेवला होता. त्याच्या पंख्याने खारी हवा आत ओढली आणि तो आतून गंजला. तेव्हा आमचे वायरमन दामूकाका हटूनच बसले, "कारखान्यासाठी बनवतात तोच घे. त्याला पंखा नाही, फट नाही."

आज त्यांना फोन करून मनापासून आभार मानले.

"अरे, ती रोजच धुवते तो," काका म्हणाले. "तू आज पहिल्यांदा वेळेवर आलास."