शंभर पेंढ्यांचा रुसवा

आमच्याकडं लग्नाच्या पंगतीत नवरदेवानं रुसून बसायची रीत होती. ताट वाढलेलं, पण नवरदेव घासाला हात लावत नाही. मग सासरा येऊन विचारणार, काय पाह्यजे जावईबापू? मागितलेलं कबूल झालं की रुसवा जातो. कुणी घड्याळ मागायचं, कुणी रेडिओ. मला त्या मागणाऱ्यांचा भारी राग. भर मांडवात सासऱ्याला कोंडीत धरायचं, ही कसली मर्दुमकी? मी ठरवलं होतं, मागायचंच तर अगदी फुटकळ काहीतरी मागायचं.

लग्न दुष्काळातलं. त्या हंगामात मी लांब पश्चिमेकडं एका सहकारी साखर कारखान्यावर वजनकाट्याला होतो. तिथं उसाचं हिरवंगार वाढं, म्हणजे शेंड्याचा चारा, रस्त्यावर तुडवलं जायचं. हळदीच्या दिवशीच गावाकडं आलो. इकडच्या बाजारभावाची खबर कुणाला होती!

तलवाड्याच्या बाजूला सासऱ्यांचं गाव. पंगत बसली, ताटात बुंदी पडली आणि मी तोंड फुगवलं. मागून दोस्त कानात म्हणाला, "घड्याळ माग बे, घड्याळ!" सासरे हात जोडून पुढं आले. मी छाती काढून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मामा, आपल्याला घड्याळबिड्याळ न्हाई पाह्यजे. आमच्या बैलांना शंभर पेंढ्या कडबा द्या, बास!"

वाटलं, लोक वाहवा करतील. पण कसलं काय! वाढपी बुंदी घेऊन जागीच उभा.

"आरं देवा," पंगतीतलं एक म्हातारं बोललं, "त्येवढ्यात तीन घड्याळं येत्याल की! कडबा पाटोद्याच्या बाजारात बी दिसंना."

मला वाटलं, म्हातारं थट्टा करतंय. दोस्ताकडं पाहिलं तर त्यानं कपाळाला हात लावलेला. त्यानं हळूच एका पेंढीचा भाव सांगितला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. एका पेंढीच्या पैशात कारखान्यावर मी दोन्ही वेळचं पोटभर जेवत होतो.

सासऱ्यांच्या घरामागं कडब्याची एवढीशी गंजी होती, त्यांच्या बैलजोडीपुरती. ती दिली की जोडी बाजारला न्यावी लागणार, हे पोरासोरांनाही कळत होतं. तरी ते ताठ उभे राहिले. म्हणाले, "देतो. जावयाचा शब्द हाय." आणि खरंच गाडी जुंपायला निघाले की!

बोललेलं गिळावं तरी कसं? तेवढ्यात शेजारून, मुंडावळ्यांच्या आडून आवाज आला, "मग आमच्या बैलांनी काय खावं? बुंदी?"

माझी बायको माझ्याशी पहिल्यांदा बोलली ती अशी. मी बुंदीचा बकाणा भरला आणि भरल्या तोंडानं ओरडलो, "मामा, थांबा! रुसवा गेला!" मांडव खो खो हसला. सासरे माघारी आले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं मला आणखी बुंदी वाढली. मला लई वाईट वाटलं.

पुढच्या साली पाऊस बरा झाला, ज्वारी पिकली. सुगी सरल्यावर एका दुपारी दारात घुंगरं वाजली. बघतो तर सासऱ्यांची गाडी! तीच जोडी, शिंगं रंगवलेली, आणि गाडीत कडबा गच्च रचलेला. मी उतरवायला धावलो, तर सासऱ्यांनी हात आडवा धरला.

"थांबा बापू. आधी रुसून बसा. मगच उतरवतो."

मी ओसरीवर जाऊन बसलो. पण तोंड काही केल्या फुगेना.